बाशिंग्याचं आवतन

आमच्या मालकाले राग आला का ते वरडत नाई, चूप बसते. वरडनारा मानूस बरा, बाप्पा. त्याचा राग तोंडावाटे निंघून जाते अन् थोड्या वेळानं तो चाय मागते. आमचे वामनराव चूप बसते, जेवते, झोपते, वावरात जाते, अन् राग पोटात घेऊन फिरते. कोनाच्या घरात खाष्ट सासू असते, माह्या घरात हा राग होता. लग्न झाल्यापासून मी त्याची उस्तवार केली.

आमचं गाव तेलुगू राज्यात, तामसी मंडलात. आमच्या घराले लागून एक बोळ हाये अन् बोळाच्या पल्याड देवानंदचं घर. देवानंद मालकाचा चुलतभाऊ, वयानं लहान. त्याची बायको सोनाबाई माही सख्खी लहान बहीन. तिचं सोयरपन इथं मीच जमवलं. माहेर पैनगंगेच्या पल्याड राह्यलं, एक बहीन तरी जवळ असावं, एवढाच माहा मतलब. बोळ एवढा अरुंद का माह्या चुलीवर फोडनी पडली का सोनी तिकडून म्हने, "आक्का, हिंग जादा झाला." तिकडून वाटी इकडं, इकडून ताट तिकडं. कोनी केलं, काय घातलं, हे कोनी इचारत नव्हतं. झाकन काढाचं अन् खाचं. मले दुनियेत एवढंच सुख होतं, दुसरं मी मागतलं बी नव्हतं. तेच जाऊन राह्यलं होतं अन् मले त्याच्यासाठी झगडा लागलं. ते कसं, सांगते.

सुरुवात पोळ्याले झाली. आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी वेशीत तोरन बांधते. साऱ्या गावाचे बैल सजूनधजून तिथं येते, अन् एका घरच्या जोडीनं पहिले तोरनाखालून जाचं. तो मान. आमच्या गावात तो मान मालकाच्या आज्यापासून आमच्या घरचा. पन आमच्या घरी आता बैलच नव्हते. ट्रॅक्टर घेतला तवा एक बैल म्हातारा होऊन गेलता, अन् दुसरा, बाशिंग्या, मालकानं देवानंदले देऊन टाकला. घरातल्या घरात कायचा सौदा. तसाच दिला.

बाशिंग्या आमच्याच गाईचा. कपाळावर पांढरा पट्टा, नवरदेवाच्या बाशिंगासारखा, म्हून ते नाव. तो झाला अन् गाय मेली. मालकानं त्याले बाटलीनं दूध पाजलं, थंडीत आपलं घोंगडं त्याच्या आंगावर टाकलं. पंकज झाला तवा एवढं त्यायनं पोराले बी घेतलं नसन. बैल मोठा झाला, दोन मानसाले आवरे ना, तरी मालक दिसले का मान खाली घालून त्यायचा तळहात चाटे. देवानंदकडं गेल्यावर बी ती सवय गेली नाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले तूप-हळद चोळते अन् त्याच्या कानात सांगते, उद्या आमच्या घरी जेवाले या. हे आवतन. बैल दुसऱ्याच्या गोठ्यात गेला तरी मालक दर वर्सी वाटी घेऊन बोळ ओलांडून जाये अन् बाशिंग्याचं आवतन स्वता करे. देवानंद काई म्हने ना. उलट बसाले खाट टाके.

मानासाठी मालक दोन वर्सं दोस्ताची जोडी मागून आनत. गाव काई बोललं नाई. तिसऱ्या वर्सी बी तशीच आनली, झुली टाकल्या, शिंगं रंगवले, अन् तोरनासमोर पहिल्या नंबरावर उभे राह्यले. देवानंद मागं आपली जोडी घेऊन होता. सनाची थोडी घेतली होती त्यानं. तो वाईट मानूस नाई, पन घेतली का त्याच्या जिभेले हाड राहत नाई. साऱ्या गावासमोर म्हनला, "दादा, उसन्या बैलाले मान कायचा? मान पायजे तं ट्रॅक्टर आन तोरनाखाली."

पहिले एक हसला, मंग चार हसले, मंग सारी वेस. पोरायनं मोबाईल काढले. म्हातारे एका बाजूले सरकून बोलले अन् म्हनले, पोरगा बोलला वाकडं पन गोष्ट सरळ हाये, ज्याचे घरचे बैल त्यानं पहिले जावं. देवानंदची जोडी पुढं आली. त्यात बाशिंग्या. त्याले गर्दीत मालक दिसले तं तो कासरा वढून त्यायच्याकडंच निंघाला. त्याले काय मालूम, मान का अपमान. देवानंदनं त्याले वढून नेलं अन् लोकं पुन्हा हसले.

मालक घरी आले. हातपाय धुतले, पोळी खाल्ली, वरून अर्धी मागतली. ती अर्धी मागतली तवाच मी समजली का राग पोटात गेला.

आमच्या अन् देवानंदच्या वावराच्या मधात एक धुरा हाये, मातीचा बांध. धुऱ्याच्या इकडं आमची जवारी, जवारीच्या मागं आमची पऱ्हाटी, म्हंजे कपाशी. धुऱ्याच्या तिकडं देवानंदची पऱ्हाटी. जवारीतल्या गवतावर एक दवा मारते. जवारीले ती काई करत नाई, पन पऱ्हाटीले तिचा वास बी सोसत नाई. थेंब पडला का पान आखडते, बोटं फुटल्यासारखं चिरते, भेंडीच्या पानासारखं होते, अन् मंग त्या झाडाले बोंड धरत नाई. म्हून या दवाचा पंप सारे जन वेगळा ठेवते अन् त्याले लाल चिंधी बांधते. चिंधीवाला पंप पऱ्हाटीत न्याचा नाई, हे लेकरू बी जानते.

पोळा होऊन आठेक दिवस झाले असन, मालक भल्या सकाळी पाठीवर पंप अन् हातात गवताच्या दवाची बाटली घेऊन निंघाले. मी आंगन झाडून राह्यली होती. म्हनलं, "जवारी कमरेएवढी झाली, आता कायचं गवत?"

"हाये थोडं," म्हनले.

मंग एक दिवस सोनी बोळातून आली, हातात पऱ्हाटीची फांदी. "आक्का, पाह्य बरं हे. अर्धं वावर असं झालं, ओळीच्या ओळी." मी पान पाह्यलं. बोटं फुटले होते. मी सोनीच्या तोंडाकडं पाह्यलं नाई, फांदीकडंच पाहत राह्यली. ती म्हनली, आमचे हे म्हनते का हवेनं कुठून तरी उडून आलं असन. मी म्हनलं, असन बाई.

संध्याकाळी मालक जेवाले बसले तवा मी ताटात भाकर टाकली अन् समोरच बसली. "सोनीच्या पऱ्हाटीले काय झालं?"

"हवेनं उडालं असन."

"हवा अर्ध्या वावरात तासातासानं, ओळ धरून फिरते का?"

त्यायनं भाकर मोडली. "आता बराबर झालं," म्हनले. "त्यानं तोंड चालवलं, मी पंप चालवला. फिटलं."

मी लय बोलली. तोंडाले येईन ते बोलली. म्हनलं, त्या वावरात माह्या बहिनीचं पोट हाये, तिनं तुमाले कोनतं तोरन अडवलं? तुमच्या मानाची एवढी आग होती तं गावात उभं राहून देवानंदले दोन शिव्या द्याच्या, मी बी दिल्या असत्या तुमच्या संगं. ते जेवत राह्यले. आखरीले म्हनले, "फिटलं म्हनलं ना. आता मी काई करत नाई." मले त्या बोलन्यावर भरोसा वाटला. त्यायचं खोटं बोलन्याचं वळन नव्हतं. बरं, म्हनलं, फिटलं तं फिटलं. पऱ्हाटी दुसऱ्या वर्सी येईन, बहीन दुसरी कुठून आनू. त्या महिन्यात मी बोळातून तिच्याकडं डाळ नेली, तीळ नेले, आपल्या घरच्या लाल मिरच्या नेल्या. ती म्हने, आक्का कायले आनते एवढं. मी म्हनलं, घरी सडून राह्यलं.

नवरात्रात आमचा पंकज आला. तो मंचेरियलले मोटारी दुरुस्तीच्या दुकानात असते. चार दिवसाची सुट्टी, त्याले वाटलं बापाले हातभार लावावं. पऱ्हाटीवर माव्याची कीड दिसली, त्यानं माव्याची दवा आनली, कोठ्यातला पंप घेतला, चिंधी नसलेलाच घेतला, शहाना पोरगा हाये माहा, अन् सारी पऱ्हाटी फवारून मंचेरियलले गेला.

पंधरा दिवसात आमच्या पऱ्हाटीले बोटं फुटले.

मालक वावरातून आले अन् ओट्यावर बसले. पाहताच मले समजलं काई तरी गेलं. मंग म्हनले, "देवानंदनं उट्टं काढलं."

मी वावरात गेली. फाटकाजवळचे तास पुरे आखडलेले. थोडं पुढं गेली तं कमी. अजून पुढं, अजून कमी. आखरीचे तास हिरवेगार, बोंडानं लदलेले. मी तिथं उभी राह्यली अन् डोक्यात हळूहळू उजेड पडला. तशीच घरी आली अन् कोठ्यात गेली. लाल चिंधीवाला पंप खुटीले होता. त्याच्यावर कोळ्याचं लय दिवसाचं धुळकट जाळं होतं. तो पंप मालकानं त्या सकाळी काढलाच नव्हता.

आता पाहा अक्कल. लाल चिंधीचा पंप घेऊन धुऱ्याच्या तिकडं उतरला तं रस्त्यानं जानारा बी ओळखन, म्हून मालकानं ती दवा चांगल्या पंपात भरली. चोरी लपवाले. अन् मंग तो पंप परत खुटीले लावला, जिथून पोरानं घेतला.

मी त्यायले वावरात घेऊन गेली. हात धरून नेली म्हना. म्हनलं, "पंकजनं फाटकापासून सुरू केलं. पहिल्या पंपात इख जादा, मंग दर पानी भरता धुवत गेलं. वैरी असं इथं जादा तिथं कमी मारते का? हे तुमचंच हाये. तुमच्याच हातचं."

"मी पंप धुतला होता."

"कायनं?"

"पान्यानं."

"ती दवा नुसत्या पान्यानं जाते? तुमीच पंकजले शिकवलं ना, सोड्यानं धुवा लागते म्हून?"

ते त्या चिरलेल्या पानाकडं पाहत उभे राह्यले. मले एक घडी वाटलं, आता समजलं यायले. मंग त्यायनं माह्याकडं पाह्यलं अन् म्हनले, "तू बहिनीची बाजू घेऊन राह्यली." मी काय समजाची ते समजली. आपलं वावर आपल्याच हातानं गेलं, हे मानसाच्या गळ्याखाली उतरत नाई. वैऱ्यानं नेलं म्हनलं का उतरते.

दुसऱ्या दिवशी ते बसनं तामसीले गेले, मंडल आफिसात. देवानंदनं माही पऱ्हाटी जाळली, मौक्यावर येऊन पंचनामा करा, असं सांगाले. आहे का नाई कमाल? तिथल्या सायबानं तेलुगूत इचारलं, पाहनारा कोन? साक्षी आना. साक्षी कोन, कोठ्यातला कोळी. परत आले. त्यानंतर देवानंदचं नाव त्यायनं घेतलं नाई. फक्त दिवाळीच्या तोंडावर मले म्हनले, "त्या घरचं ताट या घरात येनार नाई, अन् या घरचं तिकडं जानार नाई. आलं तं मी या घरात जेवत नाई."

सोनी दिवाळीच्या दिवशी चिवड्याचं ताट घेऊन बोळात उभी. मालक ओट्यावरच बसलेले. ती म्हनली, "आक्का, काऊन आली नाई तू सकाळपासून?" मी ताट पदराखाली घेतलं, कोठ्यात गेली, अन् जवारीच्या पोत्यामागं बसून तो चिवडा खाल्ला. डोळ्यातून पानी चालू. तिखट होता, पन तेवढा बी नाई. रिकामं ताट मी तिले देऊ शकली नाई, ते माह्याकडंच राह्यलं. आपल्याच बहिनीचं ताट चोराच्या मालासारखं लपवा लागलं, याचा मले जो राग आला तो मी सांगू शकत नाई. मी त्याच दिवशी मालकाले म्हनलं, "तुमी एक तं सोनीचं घर ठेवा, नाई तं मले माहेरी पाठवा. या दोन वैऱ्यायच्या मधात मी बोळ होऊन राहत नाई." रात्री त्यायनं अर्धी भाकर जादा खाल्ली.

दिवाळीनंतर जवारी सोंगली. मधात एक अवकाळी सर येऊन गेली अन् मंग कोरडं पडलं, तं कापलेल्या धांड्याच्या बुडातून कोवळे कोंब फुटले. हिरवेगार, पाहून ढोराच्या तोंडाले पानी सुटावं असे. पन त्या कोवळ्या कोंबात इख असते. तिकडं ढोर सोडत नाई कोनी. चुकून खाल्लं का घटकाभरात ढोर थरथरते, पडते. असं झालं का लोक म्हनते, कोंब लागले. कोनी कोनाले दोष देत नाई.

त्या दिवशी मी दुपारची भाकर घेऊन वावरात गेली. मालक दिसले नाई. इळा धुऱ्यावर पडला होता. धुऱ्याजवळचे कोंब कापलेले, ताजे, बुडातून पानी निंघून राह्यलेलं. आमच्या घरी ढोर नाई. मंग हे कोनासाठी कापलं? माह्या हातातलं फडकं तिथंच पडलं अन् मी धुरा ओलांडून धावत सुटली.

देवानंदच्या वावरात बाभळीखाली त्याची जोडी बांधलेली राहते. देवानंद पल्याड विहिरीवर मोटार पाहून राह्यला होता. मालक बाभळीखाली उभे. हातात कोंबाची पेंढी, अर्धी संपलेली. दुसरा बैल मान फिरवून दूर सरकला होता, त्यानं परक्याच्या हातचं तोंडात घेतलं नव्हतं. बाशिंग्या खाऊन राह्यला होता. मालकाचं मनगट चाटे, घास घे, पुन्हा चाटे.

मी पेंढी हिसकली. "किती खाऊ घातलं?"

त्यायचा हात तसाच समोर होता अन् बैल तो चाटून राह्यला होता.

"किती खाऊ घातलं, म्हनून राह्यली."

"दोन पेंढ्या," म्हनले. आवाज असा का जसं कोनी दुसरंच बोलून राह्यलं. मंग म्हनले, "तो दुरूनच हंबरला मले पाहून. मी वापस जानार होतो."

मी म्हनलं, मंग गेले काऊन नाई. बाशिंग्या थरथराले लागला. त्याच्या तोंडाले फेस आला, पुढचे पाय वाकले, अन् तो खाली बसला ते पुन्हा उठला नाई.

देवानंदनं विहिरीवरून पाह्यलं. तो धावत आला, पायात चप्पल नाई, अन् आला तो सरळ मालकाच्या पायाशीच बसला. "दादा, पाह्य रे, याले काय झालं. दादा, तुह्या हातचा बैल हाये हा, तूच वाचव. मले काई समजत नाई. तू सांग, काय करू, गूळपानी पाजू? डॉक्टरले फोन लावू? सांग ना दादा."

मले वाटलं, जमीन फाटावं. ज्यानं मारलं त्यालेच हा इचारून राह्यला.

मालक बसले. बाशिंग्याचं डोकं मांडीवर घेतलं. गुळाचं पानी मीच धावत जाऊन सोनीच्या घरून आनलं, सोनी बी संगं आली. देवानंदनं डॉक्टरले फोन लावला, तो नार्नूरच्या बाजूले गेलता, निंघतो म्हनला. मालकानं बाटलीनं गूळपानी पाजलं. तसंच, जसं तो लहान असताना दूध पाजे, जबडा डाव्या हातानं उचलून. पानी अर्धं बाहेर आलं. बैलाची नजर मालकाच्या तोंडावर होती. मंग ती नजर तिथंच राह्यली अन् बैल गेला.

सोनीले त्या बैलाच्या दातात हिरवं दिसलं. तिनं इकडं तिकडं पाह्यलं. जवारी त्या धुऱ्याले फक्त आमचीच होती. तिनं माह्या हातातल्या पेंढीकडं पाह्यलं, जी मी हिसकली होती अन् फेकाची विसरली होती.

"मी घातलं," मालक म्हनले. "तुह्या आक्काच्या हातात पाहू नको सोने. मी घातलं. माही पऱ्हाटी यानं जाळली म्हून."

देवानंद त्यायच्याकडं पाहत राह्यला. मले वाटलं आता हा इळा उचलन. त्यानं नाई उचलला. तो म्हनला, "दादा, मी तुही पऱ्हाटी कायले जाळू? माह्या पऱ्हाटीत तू उतरला होता हे मले त्याच दिवशी मालूम झालं होतं. धुऱ्यावर तुह्या पायाचे ठसे होते, तुहं डावं पाऊल फतकल पडते, मी लहानपनापासून पाहतो. मी सोनीले सांगतलं नाई. पोळ्याले मी घेऊन बोललो, चार लोकात तुहं नाक कापलं, मले बी मंग झोप नाई आली. मनात म्हनलं, दादानं उट्टं काढलं, बरं झालं, फिटलं. पुढच्या पोळ्याले बाशिंग्याचा कासरा तुह्याच हातात द्याचा, असं मी ठरवलं होतं. मले वाटलं, फिटलं."

मालकाचं तोंड उघडं राह्यलं. त्या उन्हात बसल्या बसल्या त्यायचे दात वाजाले लागले. मी माह्या नवऱ्याले पहिल्यांदा रडताना पाह्यलं, अन् खरं सांगते, मले त्याची कीव आली नाई. मले बाशिंग्याची आली, सोनीची आली, माही बी आली.

बैल देवानंदच्या वावरातच पुरला, मीठ टाकून. मालकानं खड्डा खंदाले फावडं उचललं तं देवानंदनं ते हळूच त्यायच्या हातातून काढून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. एकटा बैल काय कामाचा, म्हून दुसरा त्यानं बाजारात इकला. पोलिसात तो गेला नाई. गावात गोष्ट फुटायची ती फुटली, लोकं आमच्या ओट्यावर बसत नाई आता. पंकजले फोनवर मीच सांगतलं. तो लय वेळ चूप राह्यला, अगदी बापासारखा, अन् मले त्या चूप राहन्याचंच भेव वाटलं. म्हनलं, लेका, बोल काई तरी, शिवी दे बापाले, पन बोल.

यंदा पोळा आला. देवानंदकडं बैल नाई, तं म्हातारे आपसात बसले अन् दोघं जन आमच्या घरी आले. उभ्यानंच बोलले. म्हनले, वामनराव, आवडो ना आवडो, मान फिरून तुमच्याच घरी येते. कोनाची बी जोडी आना, आता कोनी काई म्हनत नाई. मालक त्यायच्याकडं पाहून राह्यले. ज्या मानासाठी एवढं झालं, तो मान ओट्याशी येऊन उभा होता. ते म्हनले, "मले नाई पायजे. दुसऱ्या कोनाले द्या." अन् आत गेले.

त्या दिवशी संध्याकाळी, आवतनाच्या वक्ताले, मले तूप-हळदीची वाटी सापडेना. पाह्यलं तं मालक कोठ्यात बसलेले. बाशिंग्या लहान असताना ज्या खुट्याले बांधला राहे, त्या खुट्याले ते तूप-हळद चोळून राह्यले होते. लाकडाले. काई तरी पुटपुटले, मले आयकू आलं नाई, पन काय पुटपुटले असन हे मले मालूम हाये. मी वापस चुलीजवळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी पुरनाच्या पोळ्या केल्या. बैल नाई तं पहिली पोळी कोनाले द्याची? मी ती ताटात घेतली. दिवाळीचं तेच ताट, सोनीचं, वर्सभर माह्याकडं पडून होतं. वर तूप सोडलं, झाकन ठेवलं अन् बोळात उतरली. मालकानं पाह्यलं, अडवलं नाई. सोनीचं दार उघडं होतं. ती तांदूळ निवडत बसली होती. वर्सभरात आमी विहिरीवर बोललो, बाजारात बोललो, पन बोळातून मी पहिल्यांदा गेली होती.

मी ताट पुढं केलं. सोनी उठली, पदराले हात पुसले, ताट घेतलं. झाकन काढलं नाई. तसंच धरून उभी राह्यली. मंग माह्याकडं न पाहता इचारलं,

"आक्का, हे कोनाच्या हातचं हाये?"

सख्खी बहीन माही. एका ताटात जेवून आमी मोठ्या झालो. मी म्हनलं, "माह्या हातचं हाये, सोने. एकटीनं केलं. दुसरं कोनी चुलीजवळ आलं नाई."

"बरं," ती म्हनली, अन् ताट आत नेऊन ठेवलं. मी बोळातून परत आली. तिनं ते खाल्लं का नाई, मले मालूम नाई.